आपाच्या बागा

आपाला घरी घेऊन यायचं, एवढाच इरादा धरून आम्ही दोघी बहिणी जूनमध्ये कोपनहेगनला गेलो. दुल्हेभाईंच्या इंतकालाला दोन वर्षं झाली होती. सत्तरी ओलांडलेली बाई परमुलखात एकटी काय करते, असं चिपळूणमध्ये सगळेच विचारायचे. आपानं आमचं ऐकून घेतलं. म्हणाली, "आधी माझ्या बागा बघा, मग बोलू."

पहिली रोझेनबोर्ग महालासमोरची राजाची बाग. चौथ्या ख्रिश्चन राजानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती आखली. आता लोक तिथल्या हिरवळीवर डबे उघडून बसतात. जोहरची वेळ झाली तशी आपानं एका झाडाखाली जानमाज अंथरली. आम्ही आधी इकडेतिकडे पाहिलं. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. घाई तशी नव्हतीच म्हणा, जूनमध्ये तिथे मगरिब होते रात्री दहाच्या सुमारास!

दुसऱ्या दिवशी फ्रेडरिक्सबर्गची बाग. सहावा फ्रेडरिक राजा तिथल्या कालव्यांतून होडीनं फिरायचा. शेजारीच प्राणिसंग्रहालय असल्यामुळे बागेतूनच हत्ती दिसतात. पण आम्हांला आवडलं ते एक झाड. मुलं चोखणी सोडतात तेव्हा ती आणून त्या झाडाला बांधतात. धाकटी म्हणाली, आपल्याकडे कडुलिंबाचा पाला लावतात, हा उपाय बरा.

तिसरी बाग म्हणजे चक्क कब्रस्तान निघालं. नॉरेब्रो भागातलं असिस्टेन्स. १७११ च्या प्लेगनंतर शहरातल्या दफनभूमी अपुऱ्या पडू लागल्या, म्हणून १७६० मध्ये वेशीबाहेर हे सुरू केलं, तेही गरिबांसाठी. पुढे श्रीमंतांनाही इथेच जागा हवी झाली. परीकथा लिहिणारे अँडरसन इथेच आहेत. पॉपलरच्या रांगांमधून सायकली जात होत्या, बाया बाबागाड्या ढकलत होत्या, तरुण मुलं-मुली गवतावर ऊन खात पडली होती. आमच्या तोंडून "तोबा" निघालं. ते पडून राहणं आम्हांला आजही पटलेलं नाही.

आपा बाकावर टेकली. "मीसुद्धा कित्येक वर्षं आत पाऊल टाकलं नव्हतं," ती म्हणाली. "मग एकदा विचार आला, अम्मीची कब्र मी किती वेळा पाहिली?"

आम्ही गप्प झालो. अम्मीची कब्र आम्ही तिघींनी पाहिली आहे ती कब्रस्तानच्या भिंतीबाहेरून. आमच्या मोहल्ल्यात बाया आत जात नाहीत. यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. आम्हांला फक्त एवढंच आठवलं, की भाऊ आतून हात करून सांगायचा, त्या आंब्याच्या उजवीकडे, आणि आम्ही मान हलवायचो.

शेवटच्या दिवशी आपा आम्हांला ब्रॉन्डबीला घेऊन गेली. तिथे २००६ पासून मुसलमानांचं स्वतंत्र कब्रस्तान आहे. आपा दर जुम्म्याला बस बदलून तिथे जाते. सलाम करून ती खाली बसली, दुल्हेभाईंच्या कब्रीच्या कडेनं उगवलेलं गवत तिनं हातानं उपटलं, चष्मा पुसला आणि त्यांना नाव घेऊन सांगितलं, की तुमच्या मेहुण्या आल्यात.

आम्ही दुआ केली, त्यांच्यासाठी आणि अम्मीसाठीही. आपाच्या तिकिटाचा विषय मग कुणीच काढला नाही.