पॉइंट फिफ्टी

मोटरसायकलच्या शर्यतींशीं माझ्यासारख्याचा काय संबंध, असें वाचकांच्या मनांत आलें तर त्यांत नवल नाहीं. गेलीं अठ्ठावीस वर्षें मी कॉलेजांत इंग्रजी काव्य शिकवीत आहें, आणि घरांतल्या यंत्रांपैकीं माझ्या हुकमतींतलें एकच, तें म्हणजे पेन्सिलीला टोक करण्याचें. परंतु गेल्या दिवाळीच्या सुमारास माझा भाचा एक छापील कागद घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, नियम इंग्रजींत आहेत. गॅरेजांतले चौघे चार अर्थ सांगतात. तुम्हीच वाचून सांगा." इंग्रजी वाक्याचा अर्थ विचारायला कोणी आपण होऊन घरीं यावें, हा योग प्राध्यापकाच्या आयुष्यांत आतां इतका दुर्मिळ झाला आहे कीं मीं चष्मा पुसून तो कागद हातीं घेतला.

आमच्या गांवाबाहेरच्या माळावर वर्षांतून एकदां मातीवरची शर्यत होते. तेथें कंपन्यांचे संघ येत नाहींत. गॅरेजांत राबणारीं मुलें, दूध घालणारे, एकदोन कारकून, असे लोक आपापल्या गाडीचे दिवे नि आरसे काढून तिच्यावर धांवतात आणि संध्याकाळीं ते पुन्हां बसवून त्याच गाडीवर घरीं जातात. भाच्याची गाडी यामाहा आरएक्स १००. ही गाडी १९८५ सालीं आपल्याकडे निघाली आणि १९९६ सालीं तिचें उत्पादन थांबलें; तरी तिच्यावर जीव टाकणारे तरुण अजून गल्लोगल्लीं भेटतात. भाच्याची ही गाडी मूळची माझ्या मेहुण्यांची. त्यांना जाऊन चार वर्षें झालीं. बहीण ती विकूंहि देत नाहीं आणि शर्यतीला नेऊंहि देत नाहीं. तरी भाचा ती नेतो, हें तिला ठाऊक आहे.

कागदावर भांडणाचीं वाक्यें दोनच होतीं. पहिलें असें कीं, या वर्गांतल्या इंजिनाची क्षमता शंभर घनसेंटिमीटरहून अधिक नसावी. दुसरें असें कीं, झिजलेला सिलिंडर कारखान्यानें ठरवून दिलेल्या ओव्हरसाइजपर्यंत बोअर करण्यास हरकत नाहीं.

वाचतांना दोन्ही वाक्यें कशीं निरागस वाटतात! पण या इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकहि ५०. म्हणजे क्षमता ९८.२. सिलिंडर झिजला कीं तो थोडा रुंद करून मोठा पिस्टन बसवितात. हे पिस्टन पाव पाव मिलिमीटरनें वाढत एक मिलिमीटरपर्यंत जातात. पहिल्या बोअरला क्षमता ९९.२ होते. दुसऱ्याला, म्हणजे गॅरेजच्या भाषेंत पॉइंट फिफ्टीला, १००.१५. आणि भाच्याचा सिलिंडर मेहुण्यांच्याच हयातींत पॉइंट फिफ्टी झालेला होता. शंभरावर दीड दशांश, म्हणजे पाण्याचे अवघे तीन थेंब! बोअर केलेला सिलिंडर कांहीं पुन्हां अरुंद होत नाहीं, आणि अस्सल नवा मिळाला तर त्याची किंमत भाच्याच्या महिन्याच्या पगाराहून जास्त.

आमचे संस्कृतचे सहकारी मीमांसकांचा दाखला देत असतात: शास्त्रांतला एकहि शब्द व्यर्थ मानूं नये, आणि सामान्य नियमाहून विशेष नियम बलवान. त्या बळावर मीं निकाल दिला. शंभराची मर्यादा हा उत्सर्ग, बोअरिंगची सवलत हा अपवाद. मुलगा पात्र आहे. भाच्याबरोबर आलेले मिस्त्री बशींतला चहा पीत ऐकत होते. ते म्हणाले, "साहेब, पॉइंट ट्वेंटिफाइव्हला नव्व्याण्णवच भरतात. मग सवलत फुकट कुठं गेली? तेवढ्यापुरती ती आहेच की." माझी मीमांसा एका बशींत आटोपली.

दाखला शोधावा म्हणून मीं रात्रीं पुस्तकें चाळलीं, तों हा रोग जुनाच निघाला. १९०५-०६ च्या सुमारास युरोपांतल्या आंतरराष्ट्रीय चषकाला गाडीचें वजन ५० किलोच्या आंत हवें असे. हलकी, शहाणी गाडी निर्माण व्हावी हा हेतु. शर्यतखोरांनीं अवजड इंजिन तसेंच ठेवून चौकट मात्र काडीसारखी केली. १९०७ सालीं आइल ऑफ मॅनची पहिली टीटी झाली, तेव्हां इंजिनाच्या आकाराला हात न लावतां पेट्रोलच मोजून दिलें: एका सिलिंडरच्या गाडीनें गॅलनला ९० मैल जावें, दोन सिलिंडरच्या गाडीनें ७५. त्या दुसऱ्या वर्गांत रेम फाउलर नॉर्टनवर जिंकला, पण त्या नॉर्टनचें इंजिन होतें फ्रेंच प्यूजोचें. जिंकलें कोण? मला तर त्या रात्रीं झोंपच लागली नाहीं, कारण मी सत्य शोधीत नसून वाट शोधीत होतों.

ती वाट मला सांपडलीहि. प्रवेशपत्रावर क्षमतेचा रकाना होता. मीं भाच्याला सुचविलें, "कंपनीच्या पुस्तकांत ९८ छापलेलें आहे, तेवढेंच लिही. त्यांत खोटें कांहीं नाहीं." तो कांहीं बोलला नाहीं. मिस्त्री मात्र हंसले. म्हणाले, "पहिले तीन आले की हेड उतरवून व्हर्नियर लावतात, साहेब. आणि तीन थेंबांनी गाडी पळत नाही. कानस घेऊन पोर्ट दोन मिलिमीटर वर घासा, मग बघा कशी पळते! त्याला कोण व्हर्नियर लावतंय?" ज्याला माप नाहीं तें मोकाट, आणि गरिबाचें जुनें पिस्टन तेवढें पकडलें जाणार! मग हे नियम कोणासाठीं, असें मीं जरा चढ्या स्वरांत विचारलें. "माप नको म्हटलं तर पैसेवाला पोरगा थेट एकशेपस्तीसचा ब्लॉक घालून येईल," मिस्त्री शांतपणें म्हणाले. त्या ब्लॉकचा बोअर ५८, आणि स्ट्रोक तोच ५०. शिवाय इंजिनाचा क्रमांक खालच्या केसवर असतो. तो शंभराचाच राहणार.

शर्यतीच्या दिवशीं भाच्यानें रकान्यांत १००.१५ लिहिलें. तपासनिसानें आंकडा दोनदां वाचला, त्याच्याकडे पाहिलें आणि त्याला मोठ्या इंजिनांच्या वर्गांत घातलें. नऊ गाड्यांत तो सातवा आला. बहीण माळावर आली नव्हती. संध्याकाळीं तिनें गाडीवरचा चिखल स्वतः पुसला.

यंदां पावसाळ्यानंतर आयोजकांपैकीं दोघे घरीं आले. तें वाक्य पुन्हां लिहून द्या म्हणाले. मीं चार दिवस खपून लिहिलें: "मूळ इंजिन शंभर घनसेंटिमीटरच्या आंतील असावें, कारखान्यानें मान्य केलेल्या पिस्टनामुळें क्षमता वाढल्यास ती वाढ धरूं नये." भाच्याला मोठ्या अभिमानानें वाचून दाखविलें. त्यानें क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मामा, एकशेपस्तीसचा पिस्टनही कारखान्यानंच मान्य केलेला आहे."