वळणावरची वायर

अप्पांना अमेरिकेत येऊन तीन आठवडे झाले तरी इथलं काही फारसं आवडलं नव्हतं. डेन्व्हर बघून ते "हां" म्हणाले. मॉलमध्ये तेवढंही म्हणाले नाहीत. मग आम्ही त्यांना कोलोरॅडो स्प्रिंग्जबाहेर, जिथे आमचा ट्रेलर उभा असतो तिथे नेलं. अप्पांनी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या, गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले आणि विचारलं, "जू कुठाय ह्याचं?"

साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखाली असलेल्या लोखंडी गोळ्याला अडकवतात. आमचा फिफ्थ व्हील आहे. त्याचं नाक उंच आणि पुढे आलेलं असतं. नाकाखाली एक जाड खुंटा असतो, किंगपिन. तो पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या साधारण वर बसवलेल्या हिचच्या जबड्यात जाऊन बसतो. हे नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक चाक आडवं ठेवलेलं असायचं. चार धावणारी, हे पाचवं नुसतं वळणारं. अप्पांना हे सांगितल्यावर ते हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

ट्रेलर आम्ही सेकंडहँड घेतलेला. अठ्ठावीस फुटी, सामानासकट साडेनऊ हजार पौंड, म्हणजे सव्वाचार टनांच्या वर. निखिल आणि मी दोघंही लॅपटॉपवर काम करणारी माणसं, महिन्यातून आठ दिवस डोंगरात राहून काम करायचं अशी आमची योजना. सगळं यूट्यूबवर शिकलो. फक्त एक गोष्ट शिकलो नाही, कारण ती शिकण्यासारखी वाटलीच नाही. ट्रेलरची वायर कुठे लावायची? सॉकेट दिसतंय तिथे. त्यात काय.

आमच्या पिकअपला सात पिनांचं सॉकेट एकच होतं, मागच्या बंपरवर, नंबरप्लेटशेजारी. त्यामुळे वायर ट्रेलरच्या नाकाखालून निघायची, हौद्यातून मागे यायची, फाळक्यावरून बाहेर उतरायची आणि बंपरला लागायची. (मी टेलगेट म्हणत होते. अप्पा फाळका म्हणाले आणि मला माझाच शब्द परत मिळाला.) फाळका लावला की वायर त्याच्या फटीत चेपायची. लांबी जेमतेम पुरायची. सरळ रस्त्यावर काही अडचण नव्हती.

सप्टेंबर संपत आला होता. ॲस्पेनची झाडं पिवळी झाली होती. आम्ही हायवे २४ ने ब्युएना व्हिस्टाला निघालो. विल्करसन पास चढून उतरलं की साउथ पार्क नावाचं प्रचंड मोठं गवताळ पठार लागतं. अप्पा काचेला नाक लावून बसले होते. "एवढी जमीन आणि पेरलं काहीच नाही," एवढंच म्हणाले. हार्टसेलला डिझेल भरायला थांबलो. पंपावर जागा अरुंद, निखिलने गाडी जवळजवळ काटकोनात वळवून बाहेर काढली. मी टाळ्या वाजवल्या.

पुढे ट्राउट क्रीक पासच्या माथ्यावर अप्पांना पाय मोकळे करायचे होते म्हणून रस्त्याच्या कडेला रुंद जागा बघून थांबलो. सूर्य पलीकडे उतरत होता. पुढे लांब उतार. अप्पा उतरले, ट्रेलरच्या मागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी बघायला गेले तर ते मागच्या दिव्यांसमोर उभे.

"गाडीचे दिवे चालू हायत न्हवं?"

"हो अप्पा."

"मग मागं अंधार का हाय?"

हार्टसेलच्या त्या वळणावर प्लग निघाला होता. तिथून आम्ही मागचे दिवे, इंडिकेटर आणि ब्रेक यांपैकी काहीही नसलेलं सव्वाचार टनांचं घर घेऊन आलो होतो. ब्रेकसुद्धा, कारण या ट्रेलरच्या चाकांना विजेचे ब्रेक असतात आणि त्यांचा हुकूम त्याच वायरीतून जातो. डॅशबोर्डखाली ब्रेक कंट्रोलरचा छोटा पडदा आहे. ट्रेलर जोडलेला असेल तर त्यावर खूण दिसते. खूण गेली होती. आम्ही दोघंही डोंगर बघत होतो.

ट्रेलरला आणखी एक बारीक तार असते, ब्रेकअवे केबल. ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर ती खेचली जाते, एक पिन निघते आणि ट्रेलरची स्वतःची बॅटरी त्याचे ब्रेक दाबून धरते. ही तार आम्ही हिचच्या दांड्याला अडकवली होती. सोयीचं होतं म्हणून. हिचच उपटून ट्रेलरबरोबर गेला असता तर तारही त्याच्याबरोबरच गेली असती, न खेचता. ती गाडीच्या अंगाला बांधायची असते, हिचला नाही. हेही त्या संध्याकाळी कळलं.

प्लग परत लावला. दिवे आले, पडद्यावर खूण आली, कंट्रोलरची दांडी हाताने सरकवून बघितली तर ब्रेक धरत होते. उजवा इंडिकेटर मात्र मेला होता. फाळक्याने वायर एका जागी पार चपटी केली होती. खालच्या गिअरमध्ये, आपत्कालीन दिवे लावून, मागे रांग लावत उतरलो. कुणी हॉर्न वाजवला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॅम्पग्राउंडवर काम काढलं. निखिलला बंपरपर्यंतची वायर लांब करायची होती. अप्पा म्हणाले, "निखिलराव, लांबीचा प्रश्न न्हाई. जागेचा हाय." ते हौद्यात चढले. एक हात हिचवर ठेवला. "वळतंय हितं. मग वायर हितंच पाहिजे. तुम्ही ती घराबाहेर न्हेऊन बांधलीया."

मला ते इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. ट्रेलर हिचभोवती फिरतो. वायर जिथून निघते ती जागा खुंट्याभोवती एका बाजूला सरकते, आणि दुसरं टोक चार फूट मागे, फाळक्यापलीकडे बांधलेलं असलं तर प्रत्येक वळणावर ताण वायरीवर येतो. सॉकेट हौद्याच्या आत, हिचजवळ असेल तर वायर फाळका ओलांडत नाही, चेपत नाही आणि तिला थोडी ढील ठेवता येते. ढील बेताची, नाहीतर ती हिचच्या ग्रीस लावलेल्या तव्यावर लोळते आणि खुंट्याखाली सापडते. नंतर कळलं की बऱ्याच नव्या पिकअपना असं सॉकेट कंपनीतूनच घेता येतं, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या भिंतीत, चाकाच्या उंचवट्याच्या मागे. आमच्या गाडीच्या आधीच्या मालकाने ते घेतलं नव्हतं, एवढंच.

तयार जोड-वायर मिळते. बंपरच्या सॉकेटमागचा जोड खाली वाकून सोडवायचा, मध्ये ही इंग्रजी वायसारखी वायर घालायची. एक फाटा बंपरला परत, दुसरा हौद्याकडे. कापाकापी नाही. मात्र हौद्याच्या भिंतीला गोल भोक पाडावं लागतं. गाडीचे हप्ते अजून चालू होते. निखिलने ड्रिल तीनदा लावला आणि तीनदा खाली ठेवला. शेवटी डोळे बारीक करून पाडलं. अप्पांनी कडा कानशीने घासायला लावल्या, उघड्या पत्र्याला रंग लावायला लावला, लोखंडाचा कीस एकूणएक झाडून काढायला लावला. "गंजतंय ते."

खरी गंमत ट्रेलरकडच्या वायरीत झाली. चेपलेला तुकडा कापून नवा प्लग जोडायचा होता. मी म्हटलं, सोपंय, हिरवी हिरवीला, तपकिरी तपकिरीला. जोडलं. निखिलने गाडीचे दिवे लावले तर ट्रेलरचा उजवा इंडिकेटर ठार पेटून राहिला. उजवीकडे वळायची खूण दिली तर मागचे सगळे बारीक दिवे लुकलुकायला लागले. दिवाळी. अप्पा पोट धरून हसले.

झालं असं होतं की रंगांच्या इथे दोन रीती आहेत. घरवजा ट्रेलरच्या जुन्या रीतीत हिरवी वायर मागच्या बारीक दिव्यांची आणि तपकिरी उजव्या इंडिकेटरची. दुसऱ्या रीतीत बरोबर उलट. आमचा ट्रेलर एका रीतीचा, नवा प्लग दुसऱ्या. पांढरी अर्थिंगची आणि निळी ब्रेकची, यावर दोन्हींचं एकमत आहे, हे नशीब. रंगावर जायचं नसतं. टेस्टर लावून कुठली वायर काय काम करते ते बघायचं आणि मगच जोडायचं. दुपार त्यात गेली.

संध्याकाळी निखिल आंघोळीला गेला. अप्पा आणि मी बाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. समोर माउंट प्रिन्स्टन. अप्पा कापलेला वायरचा तुकडा हातात घेऊन फिरवत होते.

आमचं गाव वाळवा तालुक्यात. अप्पांचा ट्रॅक्टर होता. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस न्यायचे. मी सातवीत असताना एका रात्री मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलं. अप्पांनी ती रस्त्याच्या कडेला उभी केली, मागे दगड मांडले आणि टायर आणायला गेले. शेजारच्या गावचा एक पोरगा मोटारसायकलवरून येत होता. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टर विकला, पैसे त्याच्या दवाखान्यात गेले. आमच्या घरात पुन्हा कधी कुणी या विषयावर बोललं नाही. ट्रॉलीला दिवा नव्हता एवढं मला माहीत होतं. तेव्हा कुणाच्याच नसायचा, असं मी मनाशी धरून चालले होते.

"होता," अप्पा म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "नव्या ट्रॉलीला दिवा होता. वायर हुकाजवळनं न्हेलेली. शेतातनं बाहेर पडताना वळलं की तुटायची. मी दोनदा जोडली." तुकडा त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला. "तिसऱ्यांदा न्हाई जोडली. हंगाम जोरात होता. म्हटलं, तुटतीयाच."

मी काय बोलणार. अंधार पडला होता. ट्रेलरच्या आत निखिल काहीतरी गुणगुणत होता.

"हुकापासनं हातभर वर बांधली असती तर," अप्पा म्हणाले, आणि उठून पाणी प्यायला गेले.

निघायच्या दिवशी मी स्टिअरिंगवर होते. निखिलने सॉकेटचं झाकण उघडून प्लग आत दाबला, ब्रेकअवे तार हौद्यातल्या कडीला अडकवली, फाळका लावला. त्यात आता काही चेपत नव्हतं. अप्पा मागे जाऊन उभे राहिले. डावा, उजवा, ब्रेक, बारीक दिवे. प्रत्येकाला मागून हाक आली, "लागला!" मी गिअर टाकणार तेवढ्यात ते खिडकीशी आले.

"सरळ उभी करून काय बघतीस? वळव."

कॅम्पग्राउंडच्या दाराशी मोकळी जागा होती. तिथे मी गाडी सावकाश काटकोनात वळवली. आधी डावीकडे. अप्पा हौद्याच्या कडेने वाकून वायरीकडे बघत चालत होते. ती सैल होती, तव्याला टेकत नव्हती. मग ते मागे गेले. आरशात दिसेनासे झाले.

"ब्रेक दाब!"

दाबला.

"आता दुसऱ्या अंगाला वळव."