समोरची काच

यूट्यूबवर एक प्रकारचे व्हिडिओ असतात, ज्यांत काहीच घडत नाही. ट्रेनच्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये समोरच्या काचेपाशी कॅमेरा लावलेला असतो. गाडी पहिल्या स्टेशनातून सुटते आणि शेवटच्या स्टेशनात पोचते. मधे कट नाही, निवेदन नाही, बहुतेकदा संगीतही नाही. 'कॅब व्ह्यू' असं शोधलंत तर जपानपासून स्वित्झर्लंडपर्यंतचे ढीगभर सापडतील. 2009 मध्ये नॉर्वेच्या सार्वजनिक वाहिनीने बर्गन ते ऑस्लो हा सात तासांहून मोठा रेल्वेप्रवास टीव्हीवर दाखवला, तेव्हा तो दहा लाखांहून जास्त लोकांनी थोडा तरी पाहिला. लोक हे का बघतात, याची बरीच उत्तरं कॉमेंट्समध्ये असतात. कुणाला झोप लागते, कुणाला अभ्यासाला सोबत हवी असते.

मी बघायला लागले ते घरापासून लांब आलेल्या पहिल्या हिवाळ्यात. हेलसिंकीला नोकरी लागली आणि मी शेजारच्या वान्ता शहरात, म्यूर्मॅकीला राहायला आले. डिसेंबरमध्ये इथे सूर्य सव्वानऊच्या पुढे उगवतो आणि सव्वातीनला मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, परततानाही अंधार. गाडीच्या खिडकीत मला फक्त माझंच तोंड दिसायचं. आपण रोज कुठून जातो हे बघावं म्हणून मी माझ्याच लाइनचा कॅब व्ह्यू शोधला.

माझी गाडी म्हणजे 'पी'. हेलसिंकीच्या लोकल गाड्यांना नावं नाहीत, अक्षरं आहेत. पी आणि आय या दोन गाड्या एकाच गोलावर उलटसुलट फिरतात. हेलसिंकीहून निघायचं, विमानतळाखालून जायचं आणि साधारण तासाभरात दुसऱ्या बाजूने परत हेलसिंकीला यायचं. हा गोल पूर्ण झाला 1 जुलै 2015 ला. त्याआधी म्यूर्मॅकीची लाइन पुढे जाऊन नुसती संपायची.

व्हिडिओत गाडी सुटते तेव्हा समोर रुळांचं मोठं जाळं असतं. हेलसिंकीच्या मुख्य स्टेशनात 19 फलाट आहेत आणि त्या सगळ्यांचे रूळ पुढे एका चिंचोळ्या पट्ट्यात शिरतात. डावीकडे खाडीचं पाणी, मग खडक फोडून केलेली वाट. त्या जागेचं नाव लिन्नुन्लाउलू, म्हणजे पक्ष्यांचं गाणं. वरच्या पुलावर जवळजवळ नेहमी कुणीतरी लहान मुलाला कडेवर घेऊन गाड्या बघत उभं असतं. मग पासिला. हुओपालाह्तीला तुर्कूकडे जाणारे रूळ डावीकडे राहतात आणि आपण उजवीकडे वळतो. दर स्टेशनाआधी फिनिशमध्ये आणि मग स्वीडिशमध्ये घोषणा होते: 'सेउरावाना हुओपालाह्ती. नेस्ता होप्लाक्स.' 'पुढील स्टेशन, अगला स्टेशन' ऐकत मोठं झालेल्या कानांना एकाच स्टेशनाची दोन नावं ऐकून घरी आल्यासारखं वाटतं.

किविस्त्योनंतर गाडी बोगद्यात शिरते. आठ किलोमीटरचा हा बोगदा विमानतळाच्या खालून जातो. तो खोदताना एक विचित्र गोष्ट सापडली. विमानांवरचा बर्फ काढायला जे ग्लायकोल फवारतात, ते वर्षानुवर्षं झिरपून खालच्या खडकातल्या पाण्यात पोचलं होतं. ते खाऊन जगणारे जीवाणू तिथे वाढले होते, आणि त्यांच्यामुळे काँक्रीटची आणि पोलादाची झीज होण्याचा धोका होता. विमानतळाच्या स्टेशनाचे आराखडे बदलावे लागले, उद्घाटन लांबलं. व्हिडिओत यातलं काहीही दिसत नाही. दिव्यांच्या रांगा येतात आणि जातात.

गेल्या जूनमध्ये आई-बाबा महिनाभर राहायला आले. बाबा मोटरमन होते. रेल्वेत 36 वर्षं, त्यातली 24 मुंबईची लोकल चालवण्यात. 2021 मध्ये निवृत्त झाले आणि तेव्हापासून कल्याणच्या घरात त्यांना सकाळ कशी घालवावी हा प्रश्न आहे. विमानतळावरून घरी येताना मी त्यांना पहिल्या डब्यात बसवलं. पण केबिनचा दरवाजा बंद, पुढचं काही दिसेना. पहिलं वाक्य म्हणाले, "चाकांचा आवाज येत नाही गं. रूळ चांगले ठेवलेत."

रात्री साडेदहालाही बाहेर उजेड होता, त्यांना झोप येईना. मी टीव्हीवर जानेवारीतला एक व्हिडिओ लावला, पी गाडीचा, बर्फ पडतानाचा. समोरून येणारा बर्फ थेट डोळ्यांकडे येतो आणि काचेजवळ आल्यावर वर उडून जातो. आई दोन मिनिटं बघून आत गेली. बाबा पुढे सरकून बसले.

मी जे शंभर वेळा पाहिलं होतं, ते बाबा वेगळंच काहीतरी म्हणून बघत होते. मी झाडं, पाणी, घरं बघत आले होते. त्यांची नजर रुळांवरून हलत नव्हती.

"गेज आपल्यापेक्षा कमी आहे."

मी फोनवर बघून सांगितलं. इथे 1524 मिलीमीटर, आपल्याकडे 1676. बरोब्बर सहा इंचांचा फरक. फिनलंड रशियन साम्राज्यात असताना रेल्वे आली, म्हणून रशियाच्याच मापाची. 1862 मध्ये पहिली गाडी, हेलसिंकी ते हॅमेनलिन्ना.

"बोरीबंदर-ठाणे 1853. आपण नऊ वर्षांनी मोठे," बाबा म्हणाले. मग, "वायर पंचवीस हजारची?"

हो, 25 हजार व्होल्ट एसी. मुंबईची लोकल 1925 पासून 1500 व्होल्ट डीसीवर धावली आणि 2010 नंतरच्या काही वर्षांत पूर्ण एसीवर आली. बाबांनी दोन्ही चालवल्या आहेत.

सिग्नल त्यांनी न सांगता ओळखायला सुरुवात केली. लांबून पिवळा लुकलुकताना दिसला तेव्हा म्हणाले, "पुढे लाल असणार." होता. हिरवा आणि पिवळा एकत्र दिसले तेव्हा थोडं थांबले. व्हिडिओतला ड्रायव्हर वेग कमी ठेवून सांधे ओलांडून गेला, तसे म्हणाले, "म्हणजे जा, पण हळू. आपला डबल यलो वेगळा." दोन रुळांच्या मधे स्लीपरवर बसवलेल्या छोट्या पेट्या दिसल्या, त्या काय म्हणून विचारलं. त्यांना बलीस म्हणतात. गाडी वरून गेली की ती पेटी गाडीला पुढच्या सिग्नलची आणि वेगमर्यादेची माहिती देते. गाडीतला संगणक सतत हिशोब करतो, की या वेगाने वेळेत थांबता येईल का. येणार नसेल तर आधी ड्रायव्हरला इशारा देतो, आणि त्याने ऐकलं नाही तर स्वतः ब्रेक लावतो. माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे मी हे जरा जास्तच उत्साहाने सांगितलं.

"आमच्याकडे ए.डब्ल्यू.एस. होती की," बाबा म्हणाले. "सिग्नल चुकवला तर ब्रेक लागायचा. सिग्नलची मला कधी भीती नाही वाटली."

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पोह्योइस-हागा, कान्नेलमॅकी, माल्मिन्कार्तानो अशी स्टेशनं येऊन गेली. मध्येच म्हणाले, "हॉर्न वाजवतच नाही हा."

खरंच नव्हता वाजवत. मी लहान असताना बाबा कधी ठरलेल्या गाडीवर असतील तर आम्ही फलाटाच्या टोकाला उभे राहायचो, आणि ते येतायत हे गाडी दिसण्याआधी हॉर्नवरून कळायचं. मला वाटायचं ते माझ्यासाठी वाजवतात.

एका स्टेशनात गाडी शिरताना फलाटाच्या कडेला एक माणूस चालत होता. पाठ गाडीकडे, कानात हेडफोन, पिवळ्या रेषेच्या थोडा पुढे. मी हे दृश्य अनेकदा पाहिलं असेल, कधी लक्षात राहिलं नाही. बाबांचा हात सोफ्याच्या कडेवर आवळला गेला. माणूस आपसूक आत सरकला, गाडी थांबली, दारं उघडली. हात तसाच होता.

"इथे रुळात कुणी येत नाही?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, क्वचित.

"अकरा," बाबा म्हणाले.

मला आधी कळलं नाही.

"चोवीस वर्षांत अकरा. काही जण स्वतःहून आले होते. बाकीचे नुसते पलीकडे चालले होते."

मी टीव्हीचा आवाज कमी केला. त्यांनी सलग असं काही सांगितलं नाही, तुटक तुटक सांगितलं. एक बाई हंडा घेऊन होती. एका मुलाने वळून पाहिलं होतं. बारा डब्यांची भरलेली लोकल, आत चार हजारांच्या वर माणसं. ब्रेक लावला तरी ती काही शे मीटर जातेच. ब्रेक लावल्यावर मोटरमनच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही, पण समोरची काच तिथेच असते. "डोळे मिटता येत नाहीत, मिटायचे नसतातच." मग गार्डला कळवायचं, स्टेशन मास्तरला कळवायचं. मागे तीन-चार मिनिटांवर दुसरी गाडी असते. तिथेच थांबून राहता येत नाही. गार्डच्या दोन बेल आल्या की निघायचं.

"आणि मग?"

"मग काय. ड्यूटी संपवून घरी."

काही दिवशी बाबा घरी आले की चहा न घेता आधी आंघोळीला जायचे. आई आम्हाला म्हणायची, दमलेत, त्रास देऊ नका. असे दिवस किती होते ते मी कधी मोजलं नव्हतं.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर 2023 मध्ये अडीच हजारांहून जास्त माणसं मेली. त्यात रूळ ओलांडताना मेलेल्यांचा वाटा मोठा असतो. ही बातमी दरवर्षी येते आणि तिच्याखाली दरवर्षी तीच कॉमेंट असते: लोकांना शिस्त नाही. फिनलंडचा व्हिडिओ दाखवून तेच म्हणणं सोपं आहे. पण मी रोज त्या लाइनवरून जाते आणि मला इथे शिस्तीपेक्षा दुसरंच काही जास्त दिसतं. या गोलावर एकही फाटक नाही. स्टेशनात रुळांखालून किंवा वरून रुंद वाट असते, तिच्यावरून सायकल जाते, बाबागाडी जाते. पलीकडे जाणारा माणूस रूळ ओलांडत नाही, कारण ओलांडण्यात त्याचा काहीच फायदा नाही. शिवाय महाराष्ट्राहून थोड्या मोठ्या देशात जेमतेम 56 लाख माणसं राहतात. फिनलंडमध्येही रुळांवर माणसं मरतात, त्यातले बहुतेक मृत्यू आत्महत्येचे असतात. माणसाचं दुःख कुठलीच रेल्वे बांधकामाने संपवू शकत नाही. पण पलीकडच्या नळावर जाणारी बाई वाचवता येते.

आमच्या धंद्यात एक साधी समज आहे. एखादा यूझर चुकीचं बटण दाबतो, तेव्हा तो चुकला असेल. हजारो यूझर रोज तेच बटण दाबत असतील तर बटणाची जागा चुकली आहे. घर रुळांच्या एका बाजूला आणि शाळा, नळ, रिक्षास्टँड दुसऱ्या बाजूला. पूल आहे तो अर्धा किलोमीटर लांब, आणि त्यावर गर्दी. हे कुणीतरी कागदावर असंच ठेवलं, किंवा त्याकडे पाहिलं नाही. ज्याने ठेवलं त्याला त्याचा परिणाम कधी दिसत नाही. तो सगळा साठत साठत शेवटी एका माणसाच्या समोरच्या काचेवर येतो, आणि त्याच्याकडे तेव्हा फक्त एक ब्रेक आणि एक हॉर्न असतो.

हेलसिंकीचा तो व्हिडिओ इतका कंटाळवाणा का आहे, हे मला त्या रात्री समजलं. ड्रायव्हरच्या काचेपर्यंत पोचू शकणाऱ्या किती गोष्टी आधीच कुठे कुठे अडवल्या गेल्या आहेत. काही बलीसमध्ये, काही स्टेशनाखालच्या वाटेत, काही खडकातल्या पाण्याची तपासणी करणाऱ्या कुणाच्या तरी अहवालात. फिनिशमध्ये ट्रेन ड्रायव्हरला 'वेतुरिनकुल्येत्ताया' म्हणतात. त्याच्या वाट्याला बर्फ, बर्च आणि लुकलुकणारे सिग्नल येतात. माझ्या बाबांच्या वाट्यालाही कधी एवढंच यायला हवं होतं.

त्यानंतर बाबांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. पण रात्री जेवण झालं की ते स्वतःच म्हणायचे, "लाव ती तुझी पी." आम्ही आय पण पाहिली, मग ताम्पेरेकडे जाणाऱ्या लांबच्या गाडीची केबिनही पाहिली. व्हिडिओतल्या ड्रायव्हरांच्या सवयींवर ते मत द्यायला लागले. हा ब्रेक उशिरा लावतो, हा छान थांबवतो, याच्या गाडीत उभ्या माणसाला धक्का लागणार नाही.

परत जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी आम्ही पूर्ण गोल लावला होता. बोगदा संपला, हिएक्काहार्यूला गाडी मुख्य लाइनला लागली. शेजारच्या रुळावरून एक लांबची गाडी पुढे निघून गेली. मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. पाहिलं तर बाबांची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं. समोर तिक्कुरिलाचे सगळे सिग्नल हिरवे होते, आणि ते झोपले होते. मी त्यांना उठवलं नाही. गाडी हेलसिंकीला पोचेपर्यंत मीच समोर बघत बसले.