गळ्याशप्पथ

नाशिकमधल्या तिवंध्याच्या आमच्या वाड्यात शपथांची उतरंड ठरलेली होती. देवाशप्पथ सगळ्यात स्वस्त, दिवसातून कितीही वेळा घ्यावी. विद्येची शप्पथ परीक्षा जवळ आली की महाग व्हायची. आईशप्पथ घ्यायला छाती लागायची. गळ्याशप्पथ हे मात्र शेवटचं हत्यार. गळ्याची कातडी चिमटीत धरायची, जरा ओढायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत बोलायचं. खोटी घेतली तर नेमकं काय होतं हे कुणीच पाहिलेलं नव्हतं, तरी 'सुटली म्हण' असं वदवून घेतल्याशिवाय रात्री झोप लागत नसे.

आजी मात्र कुणाचा हात गळ्याशी गेलेला दिसला की सरळ फटका मारायची. तिची धाकटी बहीण घटसर्पाने गेली होती. घशात राखाडी पापुद्रा धरतो, तो पसरत जातो आणि श्वासाची वाटच बुजते, हे मी पुढे वाचलं. आजी असं काही समजावून सांगत नसे. त्या पोरीचा श्वास कसा वाजायचा, तेवढा आवाज काढून दाखवायची आणि उठून कामाला लागायची. त्याच आजारासाठी पॅरिसच्या त्रूसो या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात मुलांच्या गळ्याला खालून छेद देऊन श्वासाला दुसरी वाट करून दिली होती. बरीच मुलं तरीही गेली, पण काही वाचली. आजीच्या बहिणीपर्यंत यातलं काहीच पोचलं नाही. सरकारी लसीकरणात घटसर्प रोखणारी त्रिगुणी लस आली ती 1978 मध्ये.

पुढे माझी नोकरीच शपथेची निघाली. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात मी बेंच क्लार्क झाले. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, हे त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं. सिनेमातली लाल कापडात गुंडाळलेली गीता शोधत काही जण अजूनही टेबलाकडे बघतात. 1969 च्या शपथ कायद्यातली एक तरतूद मला पहिल्यापासून गमतीची वाटत आली आहे. साक्षीदार बारा वर्षांखालचा असेल, खरं बोलायचं हे त्याला कळत असेल पण शपथ म्हणजे काय हे उमगत नसेल, तर त्याला शपथ देत नाहीत. तिवंध्यातल्या आमच्या टोळीला हे कुणी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. शपथ म्हणजे काय हे त्याच वयात सगळ्यात पक्कं ठाऊक असतं.

नोकरीत असतानाच मी आजारी पडले. त्या आजाराबद्दल थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं त्यात फार नाही. पोट बिघडलं, बरं झालं आणि त्यानंतर पायांतली ताकद गेली. मग हातांतली, मग छातीतली. गियाँ-बारे सिंड्रोम. 1916 मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांत तो नोंदवला. जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज आपल्याच नसांवर उलटते. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात साथ आली आणि 'जीबीएस' घरोघरी ठाऊक झालं. मी त्याच्या आधीची. तेव्हा हे नाव सांगितलं की लोक पुन्हा विचारत, आणि पुन्हा सांगूनही पाठीच्या मणक्याचं काहीतरी असणार असं गृहीत धरून तेल सुचवत.

तोंडातून घातलेली नळी फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून गळ्याला छेद देऊन तिथून श्वासनलिकेत नळी बसवली. व्हेंटिलेटर त्या नळीला जोडला. पक्षाघाताच्या रुग्णांना असं जगवता येतं, हे जगाला ठसठशीतपणे कळलं 1952 मध्ये. कोपनहेगनला पोलिओची साथ होती आणि यंत्रं अपुरी. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात नळी घालून रबरी पिशवीने हाताने हवा द्यायला लावली. मग वैद्यकीय महाविद्यालयातली शेकडो पोरं पाळ्या लावून उशाशी बसली आणि दिवसरात्र पिशव्या दाबत राहिली. मला यंत्र मिळालं. यंत्राशी गप्पा होत नाहीत एवढीच काय ती तक्रार. नाहीतरी मला बोलता येतच नव्हतं. हवा स्वरयंत्राच्या खालूनच ये-जा करते, वरपर्यंत पोचत नाही. पापण्या मिटून 'हो', दोनदा मिटून 'नाही', एवढ्या भांडवलावर संसार चालला.

नळी निघाली तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. माझं खरं दुखणं तिथून सुरू झालं असं म्हटलं तर घरचे रागावतात. गळ्याला भोक तसंच होतं. ते शिवत नाहीत. टाके घातले तर खोकताना हवा आत कोंडते आणि कातडीखाली पसरते. म्हणून वर नुसती पट्टी लावायची आणि आतून आपोआप भरू द्यायचं. बहुतेकांचं काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत बुजतं. माझं बुजेना. सासूबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "एवढं मोठं ऑपरेशन केलं आणि दोन टाके घालायला हात आखडले बघा यांचे!" मुद्दाम उघडी ठेवलेली जखम ही नातेवाइकांना समजावून सांगायला जगातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. अतिदक्षता विभागाबाहेर रात्र काढणारे लोक या काळात फिरकत नाहीत. त्यांच्या लेखी आपण बरे झालेलो असतो.

बोलायचं झालं की पट्टीवर दोन बोटं दाबायची, मग हवा वर जाते आणि आवाज उमटतो. खोकतानाही तसंच. बोटं नीट बसली नाहीत तर वाक्याच्या मध्येच फुस्स होऊन पुढचे शब्द कोरडे निघतात. 'चहात साखर कमी घाला' हेही गळा धरून सांगायचं. इतक्या शपथा मी लहानपणी सगळ्या मिळूनही घेतल्या नसतील. एक हात गळ्यात अडकल्यामुळे जेवताना बोलणं संपलं, फोनवर लिहून घेणं संपलं, आणि भांडण तर पारच संपलं. हातवारे न करता भांडता येत नाही मला.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं ते ताबडतोब पटलं. नळी जास्त काळ राहिली की बाहेरची कातडी आत वळते आणि आतलं अस्तर बाहेर येऊन तिला मिळतं. मग ती वाट बुजत नाही, कान टोचल्यावर बाळी राहिल्याने भोक कायमचं होतं तसं. (सोनारानेच कान टोचावेत हे खरं, पण ते बुजवायला कुणाकडे जायचं हे म्हण सांगत नाही.) माझ्यात वाट अजून पुरती पक्की झाली नव्हती. कडेला फाजील लाल मांस वाढलं होतं, त्यामुळे कडा जुळत नव्हत्या. सिल्व्हर नायट्रेटच्या काडीने ते जाळत, थोडं चरचरे, तिथे काळपट डाग पडे. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. रंगपंचमीला तिवंध्याची पेशवेकालीन रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद, उघडली, तेव्हा मी माहेरच्या गॅलरीत गळ्याला रुमाल गुंडाळून उभी होते. त्यात उडी घेऊन धप्पा मारणाऱ्यांचा एक शिंतोडाही अंगावर येऊ नये म्हणून भाऊ पुढे ढालीसारखा उभा. पाणी त्या भोकातून थेट फुप्फुसात जाण्याची भीती होती. आंघोळसुद्धा गळ्याखालूनच.

भोक पुरतं बुजायच्या आत मी कामावर रुजू झाले. एका खटल्यात पेठकडची एक म्हातारी साक्षीला आली होती, कोर्ट पहिल्यांदाच बघत होती. मी सवयीने पट्टीवर बोटं दाबली आणि म्हटलं, "म्हणा, खरं सांगेन." तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आपली दोन बोटं आपल्या गळ्यावर घट्ट टेकवली आणि मोठ्याने म्हणाली, "खरं सांगेन." वकील हसले. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुढे चला म्हणाले. उलटतपासणी संपेपर्यंत तिने बोटं काढली नाहीत. मीही काढा म्हटलं नाही.

भोक कधी बुजलं ते कळलं नाही. एके दिवशी घाईत बोटं न लावताच शिपायाला हाक मारली आणि ती गेली. व्रण आता आत श्वासनलिकेला चिकटलाय, गिळताना वर ओढला जातो. छोट्या शस्त्रक्रियेने तो सोडवता येतो म्हणतात. उन्हाळी सुटी लागली की करून घेऊ असं दरवर्षी ठरतं, आणि दरवर्षी सुटीत लग्नं निघतात.