आडवाटेवरचा एक दिवस

मोटार हाकावी ती सडकेवरून, आणि सडक संपली की खाली उतरून पायी चालू लागावे, अशीच माझी आजवरची समजूत होती. परंतु सडक संपते तेथूनच ज्यांचा आनंद सुरू होतो, अशा मोटारवाल्यांचा एक मोठा पंथ अमेरिकेत आहे. आपल्या छंदाला ते 'ऑफ-रोड' म्हणतात. म्हणजे सडकेबाहेरचे हिंडणे. या पंथाचे एक प्रमुख क्षेत्र म्हणजे यूटा राज्यातील मोआब हे लहानसे गाव. गेल्या चैत्रात तेथे एक दिवस घालविण्याचा योग आला. त्या दिवशी मी एक चूक केली, आणि तिच्यामुळेच 'ऑफ-रोड' या शब्दाचा खरा अर्थ मला कळला. म्हणूनच हे लिहीत आहे.

आम्ही चौघे होतो. आमचा यजमान हा माझा शाळासोबती. तो कित्येक वर्षांपासून डेन्व्हरला स्थायिक आहे. दुसरे आमचे डॉक्टर. तिसरे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अण्णा. त्यांची निम्मी हयात घाटांच्या दुरुस्तीत गेलेली. चौथा मी. आदल्या दिवशी डेन्व्हरहून निघून आम्ही मुक्कामाला मोआबला आलो होतो. वहिनींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे असा शिधा बांधून दिला होता. पाणी मात्र यजमानाने स्वतः मोजून घेतले; वाळवंटात माणशी दिवसाला चार लिटर पाणी हवेच, असा त्याचा दंडक.

गावाजवळच कॅन्यनलँड्स हे राष्ट्रीय उद्यान आहे. कोलोरॅडो आणि ग्रीन या दोन नद्यांनी तांबड्या वालुकाश्माचे पठार कोरून काढले आहे. आपला सह्याद्री लाव्हारसाच्या थरांचा, म्हणून काळाकभिन्न. येथे वाळूचे थर दगड होऊन बसलेले, म्हणून सारी सृष्टी गेरूने सारवल्यासारखी. सुमारे सहा हजार फूट उंचीच्या त्या पठाराच्या कडेवरून शेफर नावाची कच्ची वाट खाली उतरते. प्रथम येथल्या मूळ रहिवाशांची ती पायवाट होती. पुढे गुराख्यांनी तिच्यावरून गुरे नेली. १९५२ साली चार्ली स्टीन या भूशास्त्रज्ञाला मोआबच्या दक्षिणेला युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि खनिज शोधणाऱ्यांची झुंबड उडाली. त्या दशकात मालमोटारींसाठी हीच वाट रुंद करण्यात आली. १९६४ साली उद्यान झाले. १९६७ साली मोआबच्या व्यापारी मंडळाने जीपगाड्यांची पहिली यात्रा भरविली. ईस्टरच्या सुमाराची ही यात्रा पुढे जगभर प्रसिद्ध झाली. युरेनियमची धामधूम ओसरली, वाटा मात्र राहिल्या.

उतरणीआधी यजमानाने चारही चाकांतील हवा छत्तीस पौंडांवरून चोवीसावर आणली. अण्णा म्हणाले, "अरे, घाट उतरायचा आणि हवा काढतोस?" तो म्हणाला, "अण्णा, उंटाचे पाऊल वाळूवर पसरते ना, तसे हे चाक दगडावर पसरते. घट्ट चाक दगडावरून उसळते. सैल चाक त्याला धरून बसते." मग चारही चाकांना जोर देणारा खालचा गिअर घालून तो निघाला. गाडी मुंगीच्या पावलांनी उतरू लागली. ब्रेक त्याने क्वचितच दाबला. एंजिनच तिला मागे ओढून धरीत होते. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि ऐन वेळी दगा देतो.

नागमोडी वळणांवरून सुमारे दीड हजार फूट उतरायचे होते. एका बाजूस भिंतीसारखा कडा, दुसऱ्या बाजूस नुसते आकाश. कठडा असा कोठेच नाही. डॉक्टर डोळे मिटून बसले. अण्णा मात्र काचेतून मान बाहेर काढून वळणे न्याहाळीत होते. शेवटी म्हणाले, "आमच्या खात्यात असा रस्ता कोणी काढता तर घरी बसविला असता. पण काढणाराची नजर पक्की होती हो!"

तळाशी एका खडकाच्या सावलीत आम्ही दशम्या खाल्ल्या. तेथून नदीकडे जाणारी वाट बरीच सपाट. यजमान मला म्हणाला, "आता तू घे." परवाना जवळ होता आणि हौसही होती. अर्धा तास फार मजेत गेला. मग समोरून एक जीप आली. वाट रुंद होती. आम्ही एकमेकांना सहज ओलांडले. जाताना तिच्या चालकाने हसून तीन बोटे वर केली. मीही हसून हात केला आणि पुढे निघालो. यजमान त्या वेळी मागे वळून डॉक्टरांना काही दाखवीत होता.

पुढच्याच वळणावर वाट अरुंद झाली आणि दुसरी गाडी अगदी समोर उभी ठाकली. तिच्यामागे आणखी दोन. मी गडबडलो. मागे घेण्याऐवजी उजवे चाक वाटेबाहेरच्या मातीवर घातले, त्यांना जागा करून दिली आणि मनात म्हटले, 'काय चपळाई केली!' तिन्ही गाड्या निघून गेल्या. पण त्यांतील कोणी हसले नाही.

"थांब. उतर," यजमान म्हणाला. लहानपणापासून मी त्याला ओळखतो. त्याचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. वाटेवरच उभे राहून त्याने मला ती माती दाखविली. तिच्यावर काळसर, खडबडीत असा थर होता आणि माझ्या चाकाखाली तो भाजलेल्या पापडासारखा चुरडला होता. "ही नुसती माती नव्हे," तो म्हणाला. "ही जिवंत आहे." नीलहरित शैवालाचे सूक्ष्म धागे, दगडफूल आणि शेवाळ यांनी वाळूचे कण एकमेकांना बांधलेले असतात. वारा आणि पाणी यांपासून हाच थर जमीन राखतो. हवेतील नत्र मातीत आणतो. हा एकदा मोडला की पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात. दगडफूल आणि शेवाळ परतायला तर अनेक दशके. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सरावासाठी रणगाडे फिरले. त्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात.

"आणि ती तीन बोटे?" मी विचारले.

"मागे आणखी तीन गाड्या आहेत, रुंद जागी थांबा, असा त्याचा निरोप होता. मूठ दाखविली तर मागे कोणी नाही असे समजायचे. चूक माझीही आहे. तुला चाक देण्याआधी हे सांगायला हवे होते."

मी तो थर हाताने सारखा करू का म्हणून विचारले. तो म्हणाला, "तेथवर जाशील, तर आणखी चार पावले मोडशील. राहू दे." राहू देण्यावाचून दुसरे काही करता येत नाही, ही गोष्ट मनाला फार लागली. ज्या छंदाचे नावच 'सडकेबाहेर', त्याचा पहिला नियम वाटेबाहेर चाक न घालण्याचा! पण विचार केला तेव्हा त्यात विसंगती दिसेना. आडवाट झाली तरी ती वाटच. आधी गेलेल्यांनी पाडलेली आणि मागून येणाऱ्यांसाठी राखायची. तिच्यावरून चालणाऱ्याला मोकळीक पुष्कळ आहे. नवी वाट पाडण्याची मात्र नाही.

मी किल्ली परत देऊ लागलो. यजमान घेईना. अण्णा म्हणाले, "घाटात चुकलेल्या गाडीवानालाच पुढे घाट नीट समजतो. चालव."

नदीजवळ खतासाठी पोटॅश काढण्याचा मोठा कारखाना आहे. आपल्याकडे केळीच्या बागांना घालतात तेच हे पोटॅश. जमिनीखाली पाणी सोडून खारे पाणी वर आणतात आणि उथळ तळ्यांत वाळवितात. उन्हाची ऊब अधिक शोषली जावी म्हणून त्यात निळा रंग मिसळतात. तांबड्या मुलखात ती निळी तळी नुकतीच नजरेस पडली होती, तोच दूर वळणावर धूळ दिसली. वाट पुढे अरुंद होती. मी गाडी मागे घेतली, रुंद जागी उभी केली आणि एंजिन बंद केले. पहिली गाडी आली. चालकाने दोन बोटे दाखविली. मी थांबलो. दुसरी आली, एक बोट. मी थांबलो. तिसरी बराच वेळ आली नाही. डॉक्टर चुळबुळ करू लागले. सूर्य कड्याआड चालला होता. शेवटी तीही आली. चाकावर एक म्हातारी बाई होत्या. त्यांनी मूठ वर केली आणि मान किंचित लववली.

मग मी गाडी सुरू केली.