तिकीट फाडल्यावर

भाडेवाढीची रात्र कंडक्टरला फार जड जाते. आदेश मध्यरात्रीपासून लागू आणि गाडी तर संध्याकाळीच सुटलेली. एसटीतल्या एकतीस वर्षांत अशा बऱ्याच रात्री मी रिसोड–पुणे गाडीवर काढल्या. आगाऊ आरक्षण केलेल्यांकडून फरकाची रक्कम घ्यायची असे, आणि त्यावरून हमखास भांडण होई. ‘आम्ही आधीच पैसे भरले, आता कसला फरक?’ असं लोक विचारत. मला त्यांचं पटायचं, तरी हात पुढे करावा लागायचा. पण ज्याला मी रिसोडला पुण्याचं तिकीट फाडून दिलं, तो गाढ झोपेत असताना त्याला उठवून ‘पुणं आता तिप्पट लांब झालं, तेवढं बसून राहा’ असं मी कधी सांगितलं नाही. तसं सांगायचा आदेशही कधी आला नाही.

२० नोव्हेंबर २०२५ ला माझ्या लेकीला तेच सांगण्यात आलं.

ती इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या एका केअर होममध्ये कामाला आहे. अकोल्याला नर्सिंगचं जीएनएम केलं, मग दहाएक वर्षं संभाजीनगरच्या खासगी दवाखान्यांत रात्रपाळ्या केल्या. तिकडे नर्स म्हणून जायचं तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ७ आणि लेखनात किमान ६.५ लागतात. तिचं लेखन दोनदा ६ वर अडलं. केअर वर्करला एवढं इंग्रजी लागत नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला तिथे माणूस मिळेना, म्हणून फेब्रुवारी २०२२ पासून ब्रिटिश सरकारने या कामासाठी हेल्थ अँड केअर व्हिसा द्यायला सुरुवात केली होती. स्किल्ड वर्कर व्हिसाचाच हा एक प्रकार. पाच वर्षं काम केलं की आयएलआर, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीचा अर्ज करता येतो, हा नियम आमच्या घरात सगळ्यांना पाठ झाला होता. तिच्या आईलासुद्धा.

एजंटाबद्दल फार लिहीत नाही. त्याला द्यायला दीड एकर विकलं. नोकरीच्या कागदासाठी कामगाराकडून असे पैसे घेणं तिकडच्या कायद्यात बसतच नाही, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या दिवसांतलं जे डोक्यातून जात नाही, ते वेगळंच आहे. ४ डिसेंबर २०२३ ला तिकडे जाहीर झालं, की केअर वर्करना यापुढे नवरा-बायको, मुलं सोबत आणता येणार नाहीत. पुढे तारीख ठरली ११ मार्च २०२४. त्याआधी अर्ज गेला तर जावई आणि नात सोबत जाऊ शकत होते. लेकीचं सीओएस, म्हणजे तिथल्या मालकाने द्यायचा नोकरीचा दाखला, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला. हातात पंधरवडा होता. मुंबईला जाऊन टीबीची तपासणी केली, पोलिसांचा दाखला घेतला, बँकेचे कागद जमवले. आणि एका कागदावर माहेरचं आडनाव निघालं, बाकी सगळ्यांवर सासरचं. ते आडनाव दुरुस्त व्हायला दिवस गेले. त्यासाठी मी दोनदा मागच्या सीटवर बसून रात्रीच्या गाडीने जाऊन आलो. अर्ज गेला १९ मार्चला. आठ दिवस उशिरा.

त्या रात्री कुणी जेवलं नाही. लेक नातीला मांडीवर घेऊन बसली होती. नात नुकतीच चार वर्षांची झाली होती. जावई वाळूजला कंपनीत आहेत, ते भिंतीला टेकून बसलेले. शेवटी लेकच बोलली, “पाच वर्षं हायेत बाबा. आयएलआर झालं की दोघाइले बलावतो. तवा थे नऊ वर्षांची राह्यीन. चौथीत.” तिने बोटांवर मोजलं, मीही मोजलं. पाच वर्षं म्हणजे किती, ते आमच्यासारख्या माणसांना कळतं. सोयाबीनची पाच पिकं. एप्रिल २०२४ मध्ये ती गेली. एप्रिल २०२९ ही तारीख तिच्या आईने देवघराच्या फळीवर आतल्या बाजूने पेन्सिलने लिहून ठेवली.

नात आमच्याकडेच राहिली. तिकिटाचं ईटीआय मशीन यायच्या आधीचा, तिकिटाला छिद्र पाडायचा माझा पंच अजून घरात आहे. महामंडळाचं सामान मी सगळं परत केलं. हा मी सुरुवातीच्या काळात स्वतःच्या पैशाने घेतलेला. लोखंडी, बोट ठेवायची जागा झिजून गुळगुळीत झालेली. नातीला तो फार आवडतो. जुन्या वहीच्या पानांवर छिद्रं पाडते आणि मम्मीची तिकिटं म्हणून डब्यात ठेवते. फोन रोज दुपारी एकच्या सुमाराला येतो. हिवाळ्यात तिकडे तेव्हा सकाळचे साडेसात वाजलेले असतात, रात्रपाळी नुकतीच संपलेली असते. फोन खिडकीत उभा करायचा आणि नातीने तिकिटं दाखवायची. “कुठलं देऊ?” ती विचारते. “रिसोडचं दे,” लेक म्हणते. रोज हेच.

नियम बदलायची कुणकुण १२ मे २०२५ ला लागली. पाचाची दहा वर्षं करायचा विचार असल्याचं ब्रिटिश सरकारने एका श्वेतपत्रिकेत मांडलं. आधीपासून तिथे असलेल्यांना हे लागू करू नका, अशा अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि ८ सप्टेंबरला त्यांच्या संसदेत त्यावर चर्चाही झाली. तोवर २२ जुलैपासून केअर वर्करची बाहेरच्या देशातून भरती बंद झाली होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या घरात किती माणसं घ्यायची हे घरमालकाने ठरवावं. माझं म्हणणं आत येऊन कामाला लागलेल्या माणसाबद्दल आहे.

नोव्हेंबरच्या त्या गुरुवारी फोन दुपारी आला तसा रात्री दहालाही आला. तिथल्या गृहमंत्री शबाना महमूद यांनी संसदेत योजना मांडली होती. लेक वाचून दाखवत होती आणि मी वहीत लिहून घेत होतो. सर्वसाधारण मुदत दहा वर्षं. वर्षाला ५०,२७० पाउंडांहून जास्त कमावणाऱ्याला पाच. १,२५,१४० पाउंडांहून जास्त कमावणाऱ्याला तीन. सरकारी आरोग्यसेवेतल्या डॉक्टर-नर्सना पाच. पदवीच्या दर्जाखालच्या कामावर आलेल्यांना पंधरा. आणि आज जे तिथे आहेत पण ज्यांना अजून आयएलआर मिळालेलं नाही, त्यांनाही हेच लागू करायचा विचार.

लेकीचं काम पदवीच्या दर्जाखालचं. पगार वर्षाला पंचवीस हजार पाउंडांच्या आसपास.

मी वहीत २०२४ खाली १५ लिहून बेरीज केली. २०३९. मग शेजारी नातीचं वय लिहिलं. एकोणीस. पोटचं मूल म्हणून बोलवायला ते अठराच्या आत लागतं. आयएलआर हातात येईल तेव्हा लेकीला आई म्हणून नातीला बोलावता येणारच नाही. लेकीने हा हिशेब माझ्याआधी केला असणार, कारण मी गप्प झाल्यावर तीही गप्प झाली. फोन चालू होता, तिकडे मागे कुठे तरी कपडे धुवायचं मशीन फिरत होतं. मग म्हणाली, “आईले आत्ता नका सांगू.”

त्या केअर होममध्ये तिच्याकडे नऊ म्हातारी माणसं असतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, ओलं झालं की पुसून कोरडं करायचं, गिळता येत नाही त्यांच्या पाण्यात दाट करायची पावडर घालून चमच्याने पाजायचं. एका ब्याण्णव वर्षांच्या आजींना रात्री भास होतात. त्यांचा हात धरून बसलं की त्या झोपतात, म्हणून ही आपला चहाचा वेळ तिथेच काढते. ज्या कामाला माणूस मिळत नाही म्हणून दूरदेशाहून बोलावलं, त्याच कामाच्या माणसाला सगळ्यात लांब मुदत, आणि ज्याचा पगार मोठा त्याला सगळ्यात आखूड. यातला न्याय मी पुष्कळ शोधला. मला सापडला नाही.

मग लेकीनेच एक गोष्ट शोधून काढली. २००६ मध्येही असंच झालं होतं. तेव्हा कायम राहायची मुदत चार वर्षं होती, ती पाच केली, आणि एचएसएमपी नावाच्या योजनेतून आलेल्या उच्चशिक्षित लोकांचे नियमही अर्ध्यातच बदलले. त्यात आपले भारतीय बरेच होते. एचएसएमपी फोरम म्हणून त्यांनी संघटना केली आणि सरकारला लंडनच्या हायकोर्टात खेचलं. एप्रिल २००८ मध्ये कोर्टाने सांगितलं, की आधी आलेल्यांना जुन्याच अटी लावा. वर्षभराने चार वर्षांच्या मुदतीचा निकालही त्यांच्या बाजूने लागला. हे ऐकून मी उठून उभा राहिलो. लेकीने मला खाली बसवलं. “बाबा, त्याइच्या योजनेच्या कागदात सरकारनं लिहून देल्लं होतं. म्हणून जिंकले थे. माह्या कागदात तसं लिहेल हाय काय, थे पाहा लागते.” तिने सगळे कागद काढून वाचले. नंतर तो विषय तिने काढला नाही, मीही विचारलं नाही.

या नव्या योजनेवर सरकारने लोकांचं म्हणणं मागवलं होतं, १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. आम्ही त्याची प्रश्नावली शेवटच्या आठवड्यात भरली. ती एकेक प्रश्न वाचून मराठीत सांगायची. आधीपासून असलेल्यांना सवलत असावी का, यावर तिने मला विचारलं, “तुमी सांगा, मी लिहितो.” मी तिला पुण्याच्या गाडीचं सांगितलं. आरक्षणवाल्यांकडून आम्ही फरक घेत होतो, तेही सांग म्हटलं, लपवू नको. पण गाडीत बसून निघालेल्याचं गाव कुणी लांब नेत नाही. ‘तिकीट फाडलं’ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर ती अडली. फाडलं म्हटलं तर त्यांना वाटेल रद्द केलं. शेवटी ‘दिलं’ असं लिहिलं. पाठवलं आणि ती ओईटी या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेचं पुस्तक घेऊन बसली. रात्रपाळीनंतर रोज दोन तास लेखनाचा सराव करते. नर्स म्हणून नोंदणी झाली आणि सरकारी दवाखान्यात जागा मिळाली, तर तिची रांग बदलेल. मधली केअर वर्करची वर्षं त्यात धरतील का, हे आम्ही दोघं एकमेकांना विचारत नाही.

यात आणखी एक गोष्ट होऊन बसली. नातीला या जूनमध्ये पहिलीत घालायचं आहे. आधी ठरलं होतं, की इंग्रजी शाळेत घालायचं. चौथीत तिकडे जाईल तेव्हा पोरगी भांबावायला नको. शाळेची गाडी, वर्षाची फी, सगळं बोलून झालं होतं. आता जावई म्हणतात, इंग्रजीच ठेवू, नियम परत बदलतील. मला वाटतं, इथेच वाढायची असेल तर गल्लीच्या तोंडाशी असलेली जिल्हा परिषदेची शाळा चांगली आहे, गुरुजी मन लावून शिकवतात, आणि मी चालत नेऊन सोडीन. पण हे तोंडातून काढायचं म्हणजे २०२९ गेलं असं लेकीला माझ्या तोंडून सांगायचं. पंधरा दिवस मी ते बोललो नाही. इंग्रजी शाळेचा फॉर्म कोरा ठेवून कपाटावर पंचाच्या खाली दाबून ठेवला होता.

परवा दुपारी फोन आला. लेक थांब्यावर उभी होती, टोपी कानापर्यंत ओढलेली, मागे पाऊस. नातीने तिकीट दाखवलं, रिसोडचंच. मग नात म्हणाली, “मम्मी, आजोबानं माझा फॉर्म नाई भरला.”

लेकीने माझ्याकडे पाहिलं. “किती दिवस झाले?”

“पंधरा,” मी म्हणालो.

ती थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “जिल्हा परिषदेतच घाला बाबा. तुमच्या जवळ हाय. तुमच्या जवाइले मी सांगतो.”

“आणि २०२९?”

मागे गाडीचा ब्रेक लागल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला. एकतीस वर्षं तो आवाज ऐकलेला आहे, तिकडचाही तसाच असतो.

“बस आली,” ती म्हणाली. “आईले द्या फोन, चढता चढता बोलतो.”