बायोमेडिकलच हवं असं नाही

कोयनानगर,
२ जुलै

चि. मुक्ता हिस,


ताईचा फोन आला होता. नीटचे मार्क कमी पडले, एमबीबीएस होत नाही, म्हणून आता मुंबईच्या खासगी कॉलेजात बायोमेडिकल करून वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत जायचं म्हणतेस. कंपनीत जायचं खूळ चांगलं आहे. खासगी कॉलेजचं मात्र मला पटलेलं नाही; त्यासाठी मेकॅनिकलचा डिप्लोमाही पुरतो.

मोडलेलं हाड जोडायची पट्टी कशी होते ते बघ. ३१६एल स्टीलची नाहीतर टायटॅनियमची सळई येते, सीएनसीवर घडते, कडांची बर काढतात, पॉलिश होतं, आम्लात पॅसिव्हेशन होतं, लेझरने लॉट नंबर उमटतो, मग धुणं आणि पॅकिंग. यात बायोलॉजी किती आणि मेकॅनिकल किती, तूच मोज. अंगात जाणारी वस्तू म्हणून जास्तीचं काय, तर नोंद. कुठल्या सळईची पट्टी कुठल्या लॉटमध्ये गेली, हे काही वर्षांनीसुद्धा सापडलं पाहिजे. दाजी पोफळीच्या वीजघरात लॉगबुक भरतात, तोच हा संस्कार. (मागाहून एकदम भरलेलं पान कसं ओळखायचं, हे त्यांना जरूर विचार. हसतील, पण सांगतील.)

कायदाही डिप्लोमावाल्याला बाहेर ठेवत नाही. २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. उत्पादन ज्याच्या देखरेखीखाली चालतं, तो माणूस संबंधित शाखेचा इंजिनीअर असेल तर दोन वर्षांचा आणि डिप्लोमावाला असेल तर चार वर्षांचा अनुभव त्यात मागितला आहे. म्हणजे फरक दोन वर्षांचा. तेवढ्यासाठी दाजींनी कर्ज काढायचं?

आणि हा धंदा पुण्या-मुंबईतच असतो असं समजू नकोस. तुमच्या अलोऱ्याहून चिपळूण, संगमेश्वर करत देवरुखजवळच्या साडवलीला जा. तिथल्या एमआयडीसीत अजय पित्रे यांच्या ॲडलर मेडिइक्विपने हाडांची इम्प्लांट्स बनवली. 'सुश्रुत-ॲडलर' नावाचा त्यांचा हा धंदा २०१३ मध्ये स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीने घेतला. कोकणातल्या आडगावी बनलेला माल त्यांना चालला, तो गाव बघून नव्हे, माप आणि कागद बघून.

बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. गणित सोडलं नाहीस हे फार बरं केलंस. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकल घे. नोकरीत पहिली दोन वर्षं इन्स्पेक्शनला बस. पगार बेताचा असतो, पण मायक्रोमीटर हातात बसतो आणि आयएसओ १३४८५ हे गुणवत्तेचं मानक आपोआप पाठ होतं. विक्रीवाले लवकर जास्त पैसे देतील, इम्प्लांटचा सेट घेऊन ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभं करतील. त्याला एवढ्यात हो म्हणू नकोस. तिथून कारखान्यात परत आलेले मी फार थोडे पाहिले.

पुढे डिग्री करून गेट द्यावीशी वाटली तर २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे. आयआयटी मुंबईत डॉक्टर आणि इंजिनीअर एकत्र बसून उपकरणं घडवतात ते 'बेटिक' केंद्र २०१४ मध्ये प्रा. बी. रवी यांनी उभं केलं. ते स्वतः मेकॅनिकलचे, कास्टिंगमधले.

दाजींना म्हणावं, फॉर्म भरायच्या आधी मला फोन करा. कुंभार्ली घाटात दरड आली नाही तर रविवारी मीच खाली येतो. गुणपत्रिका आणि डोमिसाइल काढून ठेव. जातीचा दाखला ताईच्या कपाटात असेल.

तुझा,
मामा